साडूभाऊंची बिनबंदुकीची फौज

बंदूक कधीही हातात न धरता दुसरं महायुद्ध दर आठवड्याला नव्यानं लढणारा माणूस साऱ्या सिंगापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू असावा हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. आम्हां दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पुण्याच्या. थोरली त्यांची, धाकटी माझी. साडूभाऊ रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखमीचा अंदाज बांधायच्या खात्यात आहेत, मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात. दोघंही वुडलँड्सला दोन ब्लॉकच्या अंतरावर राहतो. त्यामुळे युद्ध पेटलं की माझ्या घरात ऐकू येतं.

कॉलेजात असताना त्यांना सैन्यात जायचं होतं. चष्म्याच्या भिंगांनी ते दार बंद केलं. दुसरा कुणी असता तर चारचौघांसारखा हळहळून मोकळा झाला असता. साडूभाऊंनी सैन्यालाच घरी आणून बसवलं. त्यांना लढायांत फारसा रस नाही, तोफा आणि रणगाड्यांतही बेताचाच. त्यांचा जीव पलटणींच्या नावांत. कुठली तुकडी कशाला म्हणायची, ब्रिटिश काय म्हणत, अमेरिकन काय म्हणत, आणि अमेरिकन म्हणत ते चूक कसं, यावर हा माणूस वुडलँड्सपासून रॅफल्स प्लेसपर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्यानं बोलू शकतो, आणि बोलतो. ब्रिटिश रणगाड्यांचा ट्रूप म्हणजे चार गाड्यांचं चिमुकलं कुटुंब, तर अमेरिकन घोडदळाचा ट्रूप म्हणजे अख्खी कंपनी. ब्रिटिश स्क्वॉड्रन म्हणजे कंपनीएवढी, अमेरिकन स्क्वॉड्रन म्हणजे बटालियनएवढी. ब्रिटिशांची रेजिमेंट म्हणजे घराणं, त्याच्या बटालियनी भावंडांसारख्या चार देशांत पांगलेल्या. अमेरिकनांच्या मात्र रांगेनं शेजारी शेजारी लढणार. ब्रिटिश पलटणीचं नाव त्यांना लग्नपत्रिकेसारखं वाटतं, अमुक राणीची स्वतःची, तमुक परगण्याची, सगळे मानपान सांभाळून छापलेलं. अमेरिकन नाव म्हणजे नुसता बसचा नंबर. "आणि आपण मराठी माणसं मुळातच ब्रिटिश बाजूची," असं ते मला एकदा खाजगीत सांगत होते. "आपण लेफ्टनंट म्हणतो. लूटेनंट म्हणणारा मराठी माणूस पाहिलाय कधी?" मी पाहिला नव्हता.

या वेडापायी त्यांनी बँकेतही शत्रू जोडले. ऑफिसातल्या कागदाचा वापर कमी करायला त्यांच्या साहेबांनी एक टास्क फोर्स नेमला. साडूभाऊंनी तिथल्या तिथे कळवलं की टास्क फोर्स ठराविक मोहिमेपुरती वेगवेगळ्या दलांतून जमवलेली फौज असते, प्रिंटरशेजारी बसणाऱ्या तीन माणसांना फार तर डिटॅचमेंट म्हणता येईल. साहेब अमेरिकेचा. साडूभाऊंची बढती त्या वर्षी हुकली. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, निदान माफीचा शब्द टाका म्हणून विनवलं, पण ते ठाम होते. बढती पुढच्या वर्षी येईल, चुकीचा शब्द एकदा रुळला की जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरच्यांशीही हेच. दोन्ही कुटुंबं मिळून हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडईत, जेवायला निघालो की आमची फौज होते. इथे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल आपलं, ही गावाची रीत. साडूभाऊंनी त्यासाठी ॲडव्हान्स पार्टी नेमली, म्हणजे त्यांचा तन्मय आणि माझी मुलगी. कुणाला काय खायला मिळणार ते ठरवणाऱ्या ताई क्वार्टरमास्टर. पिशव्या, छत्र्या आणि उरलेलं पाणी घेऊन सगळ्यांच्या मागून चालणारा रिअर गार्ड मी. एकदा माझ्या बायकोनं फोनवर सहज म्हटलं, रविवारी सगळी पलटण घेऊन या जेवायला. त्यावर पलटण म्हणजे बटालियन, आम्ही तिघंच आहोत, धड सेक्शनसुद्धा भरत नाही, असा खुलासा झाला आणि तेवढ्यात तिची फोडणी जळली.

आमच्याकडून क्रांजी जवळ. युद्धात पडलेल्यांची तिथे दफनभूमी आहे, हिरव्या टेकडीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा आणि वर उंच भिंती. ज्यांची कबर नाही त्यांची नावं त्या भिंतींवर कोरलेली आहेत. आधी पलटणीचं नाव, मग त्याखाली माणसांची. भिंतीच्या भिंती हिंदुस्थानी नावांनी भरल्या आहेत. महिन्यातून एका रविवारी साडूभाऊ आम्हांला तिथे नेत आणि मोठ्यानं मथळे वाचत. माणसांच्या नावांपर्यंत आम्ही क्वचितच पोचायचो. एकदा एक उंच अमेरिकन पर्यटक आपल्या बायकोला सांगत होता की हे सगळे ब्रिटिश सैनिक. साडूभाऊ मध्येच घुसले. ब्रिटिश कुठले, हिंदुस्थानी कुठले, एकेका ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश बटालियन आणि बाकीच्या आपल्या अशी मिसळ कशी असे, हे त्यांनी भर उन्हात त्याला समजावलं. तो माणूस सज्जन. टोपी काढून त्यानं आदरानं विचारलं, की आपण स्वतः कोणत्या रेजिमेंटमध्ये होता. मला वाटलं, आता हे काहीतरी पुटपुटतील. साडूभाऊंनी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला आणि सांगितलं, "कुठल्याच नाही. यानं जाऊ दिलं नाही." मला त्यांचा त्या दिवशी अभिमान वाटला. परतीच्या बसमध्ये पुन्हा व्याख्यान देऊन त्यांनी तो घालवला.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग तन्मय पंधरा वर्षांचा झाला.

आम्ही सगळे इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, नागरिक नव्हे. पीआरचा मुलगा इथे वाढला की अठराच्या आसपास त्यालाही इथल्या मुलांसारखं दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. फक्त मुलगा मोठा होऊ लागला की आमच्यातल्या कित्येक घरांना पुण्याची शाळा एकाएकी फार चांगली वाटू लागते, कुणाला ऑस्ट्रेलियाची हवा मानवते. तन्मयच्या नोंदणीची वेळ जवळ आली तेव्हा गणपतीत साडूभाऊंच्या घरी कुटुंबाची सभा भरली. पुण्याहून आमचे सासरे अप्पा व्हिडिओवर हजर. त्यांनी निकाल देऊनच टाकला होता. पीआर सोडा, पोराला पुण्याला पाठवा, मी सांभाळतो. माझी बायको त्यांच्या बाजूची, मीही त्याच बाजूचा. मी तसं बोलून दाखवलं तर ताई फणकारल्या, की तुम्हांला मुलगी आहे, तुम्ही बोलू नका. मी आणखी एक मोदक उचलला.

साडूभाऊ म्हणाले, "अप्पा, दर महिन्याला त्या भिंतीपुढे उभं राहून मी दुसऱ्यांच्या मुलांच्या पलटणी मोठ्यानं वाचतो. माझ्या मुलाची वेळ आली की विमानाचं तिकीट काढायचं, हे माझ्यानं होणार नाही. या देशात घर केलं, पोर वाढवलं. पळून जायचं कुणापासून?"

अप्पा तिकडे चिडून उठले, नुसती रिकामी खुर्ची दिसत राहिली. बोलल्या त्या ताई, आणि अगदी हळू. "तुमच्या चष्म्याचा सूड माझ्या पोराच्या अंगावर नको."

साडूभाऊंनी उठून समईची वात पुढे सारली. मग त्यांनी तन्मयला हाक मारली आणि म्हणाले, की तुला जायचं नसेल तर मी अप्पांची आणि सगळ्यांची माफी मागतो, उद्याच पुढचं बघू. तन्मय दारात उभा होता. म्हणाला, "बाबा, तुमचं ब्रिटिश-अमेरिकन मला काही नको लाह. माझे सगळे फ्रेंड्स जाणार. ते तिकडे आणि मी एकटा एअरपोर्टला? सो पैसे." पैसे म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत लाजिरवाणं, आणि लाह हे नुसतं वाक्याचं शेपूट, हे खुर्चीत परत येऊन बसलेल्या अप्पांना कुणाला तरी समजावून सांगावं लागलं. ताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. पुढे कित्येक महिने त्या साडूभाऊंशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि पुण्याहून फोन आला की नातेवाईक साडूभाऊंना वेडा म्हणत. साडूभाऊ दर वेळी फोन स्वतः उचलत, ऐकून घेत आणि शेवटी एकच वाक्य बोलत, की माझा मुलगा जाणार आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर तो गेला, त्या दिवशी आम्ही सगळे बरोबर होतो. इथे पहिल्या दिवशी आईबापांना बोटीतून सैन्याच्या प्रशिक्षणाच्या बेटावर नेतात, मुलं कुठे राहणार ते दाखवतात आणि त्यांच्याबरोबर जेवू घालतात. बोटीत मी साडूभाऊंच्या व्याख्यानाची मनाची तयारी करून बसलो होतो, पण ते पाण्याकडे बघत राहिले. बेटावर कंपन्यांना प्राण्यापक्ष्यांची नावं दिलेली होती, जागोजागी चित्रांचे फलक. मी कोपरानं ढोसून विचारलं, ही पद्धत ब्रिटिश की अमेरिकन? त्यांनी फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी एका तरुण अधिकाऱ्यानं पालकांना काही शंका असल्यास विचारा म्हटलं आणि साडूभाऊंचा हात वर गेला. तन्मयनं मान खाली घातली. ताईंनी माझ्या बायकोचा हात धरला. आता हे त्या बिचाऱ्याला स्क्वॉड्रन आणि ट्रूप विचारणार, हे आम्हांला दिसत होतं.

"खोलीत पंखा असतो का?" साडूभाऊंनी इंग्रजीत विचारलं.

"येस, सर. सीलिंग फॅन."

"रात्रभर चालू?"

तो अधिकारी हसला नाही. "होल नाइट, अंकल," तो म्हणाला.

पंख्याशिवाय तन्मयला लहानपणापासून झोप येत नाही. हे मलाही ठाऊक नव्हतं. ताईंनी माझ्या बायकोचा हात सोडला आणि परतीच्या बोटीत त्या नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या.

पुढे काही आठवड्यांनी तन्मय सुट्टीवर आला. डोकं भादरलेलं, उन्हानं रापलेला. जेवला आणि आडवा झाला. आम्ही बाहेर बसलो होतो तेवढ्यात अप्पांचा फोन आला. ज्यांनी वर्षभर या माणसाला वेड्यात काढलं, त्यांना आता फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगायचं होतं. आपला तन्मय कोणत्या पलटणीत आहे, कंपनी कुठली, नीट नाव सांगा, असं ते विचारत होते. साडूभाऊ म्हणाले, की मी विचारलं नाही. अप्पांना ऐकू आलं नाही बहुतेक, कारण त्यांनी पुन्हा विचारलं आणि यांनी पुन्हा तेच सांगितलं.

फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत म्हणाले, "पाठवलं, त्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. अप्पांना सांगा, अख्ख्या पुण्याला सांगा. पण क्रांजीला पाहिलंत ना तुम्ही? आधी पलटणीचं नाव येतं, मग त्याखाली माणसाचं. माझ्या पोराचं नाव मला तसं वाचायचं नाही. सध्या ते आमच्या दारावरच्या पाटीवर आहे, तिथेच बरं आहे."

आयुष्यभर ज्यांची बडबड ऐकून कान किटले, त्यांनी आता एखादा तरी ब्रिटिश शब्द उच्चारावा असं मला फार वाटलं. ते उठले, आतल्या खोलीचं दार आवाज न करता उघडलं आणि पंखा एका आकड्यानं वाढवून परत आले.