‘सोबत’ काढायची की ठेवायची?

“सर, हा प्रश्न मी नाही काढणार,” वंदनाने प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला.

मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होतो. पीएच.डी. करणारे लोक डेटा घेऊन आमच्या डिपार्टमेंटच्या खोलीत येत. कूलरची घरघर, टेबलभर कागद, कँटीनचा अतिगोड चहा. रिटायर झाल्यावर त्या चहाचीसुद्धा आठवण येते.

वंदना नेर गावाकडची, कॉमर्सची लेक्चरर. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांवर तिचा थीसिस. बाजारातली सोय आणि बायकांचं तिथं टिकून राहणं, यांचा संबंध तिला बघायचा होता.

‘सोय’ थेट मोजता येत नाही. ती सावली, पाणी, ठरलेली जागा, ओळखीची सोबत यांनी मिळून बनते; बायकांकडून भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये प्रत्येकावर एक प्रश्न होता. अशा घटकांना फॉर्मेटिव्ह इंडिकेटर म्हणतात. एक काढला की सोयीचा अर्थच बदलतो. बाकीचे घटक हजर असताना एकाचा स्वतःचा वाटा किती, तो वेट. तो वाटा खरा की योगायोगाचा, हे बूटस्ट्रॅपने कळतं. भरलेल्या फॉर्ममधून एक उचलायचा, नोंदवायचा, परत ठेवायचा, पुन्हा उचलायचा. असा तेवढ्याच फॉर्मचा नवा गठ्ठा करून मॉडेल चालवायचं. हे हजारो वेळा. काम कॉम्प्युटरच करतो.

‘सोबत’चा वेट कधी शून्याच्या वर, कधी खाली. म्हणजे सिग्निफिकंट नाही, योगायोगही असू शकतो. तिचे गाइड म्हणाले होते, काढून टाका. आदल्या दिवशी फोनवर मीही तेच म्हणालो होतो. थीसिस जमा करायला आठवडा उरला होता.

“आकडाच नाही म्हणतो, वंदना.”

“माही माय वीस वर्षं नेरच्या बाजारात बसली, सर. बाजूले ओळखीची बाई नसन तं टोपलं सोडून पाणी प्यायलेबी उठता येत नाही. काहून काढू?”

“आणि ओळखीची बाई कुणाला मिळते?”

“जिची जागा ठरलेली आहे तिले. दर आठवड्याले शेजारीण तीच.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ‘जागा’ आणि ‘सोबत’ एकमेकींत थोड्या मिसळल्या होत्या, म्हणून सोबतीचा वेगळा वाटा दिसत नव्हता. दोन्ही एकच आहेत, इतक्याही मिसळल्या नव्हत्या. ती तपासणी आधीच झाली होती. मी लोडिंगचा तक्ता उघडला. लोडिंग म्हणजे इतरांना बाजूला ठेवून त्या एका घटकाचं सोयीशी असलेलं नातं. ‘सोबत’चं लोडिंग चांगलं भक्कम होतं. नियम असा, की वेट पडला, म्हणजे सिग्निफिकंट नसला, तरी लोडिंग मजबूत असेल तर घटक ठेवता येतो. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. आदल्या दिवशी एकच कॉलम बघून मोकळा झालो होतो.

“माझंच चुकलं,” मी म्हणालो आणि तिच्यासमोरच गाइडना फोन लावला.

“परीक्षकांनी विचारलं तर?” ते म्हणाले.

“तर ती सांगेल.”

व्हायवात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. वंदनाने आधी लोडिंग सांगितलं, मग टोपल्याची गोष्ट. परीक्षकांनी चष्मा काढला. “हे टोपलं थीसिसमध्ये का नाही? एक परिच्छेद वाढवा,” म्हणाले आणि सही केली.

मागच्या खुर्चीत तिची आई बसली होती. बाहेर पडताना तिने मला हळूच विचारलं, “सर, पोरगी पास झाली नं?”

“झाली,” मी म्हणालो.

वेट पडला तर लोडिंग बघा. आणि तो प्रश्न फॉर्ममध्ये कुणी, कशासाठी घातला, तेही विचारा. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कॉलम नसतो.