चुरण्याचा खोकला

लाखनीच्या बागेतले चौकीदार मामा दोन माणसं गप्पा मारताना दिसली की त्यांच्यामध्ये दोरी धरायचे. धान रोवताना ओळ सरळ यावी म्हणून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ताणतात ना, ती दोरी. तिला त्यांनी चार-चार हातांवर लाल चिंधीच्या गाठी मारल्या होत्या. एका गाठीशी एक माणूस, दुसऱ्या गाठीशी दुसरा. साहेब असो की भाजीवाला, दोरी तीच. "सरका जी, अजून एक पाऊल. हां, आता बोला खुशाल. मी काई आइकत नाई," असं म्हणत ते दोरी गुंडाळून खांद्यावर टाकत आणि पुढच्या जोडीकडे जात. गावाने त्यांचं नाव गाठीवाले मामा ठेवलं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते कुणी वापरलं नाही. मीही नाही.

कोरोनाचं ते पहिलं वर्ष. उन्हाळाभर, पावसाळाभर बाग बंद होती आणि दसऱ्याच्या सुमारास उघडली. फाटकावर सूचनांचा भला मोठा फलक लागला. तो सगळा वाचणारा माणूस मी तरी पाहिला नाही, आणि मी शाळामास्तर, सकाळ-संध्याकाळ फाटकासमोरून जाणारा. मामांचा त्या फलकावर भरवसा नव्हताच. त्यांनी रात्रीतून, छे, रात्रीतून कसलं, दोन दिवस खपून आपली व्यवस्था लावली. झोपाळे वर फांदीला बांधून टाकले. कसरतीच्या मशिनींना धानाचा बारदाना गुंडाळून सुतळीने शिवून घेतला. बाकांवर एकाआड एक चुन्याच्या फुल्या मारल्या. आणि घसरगुंडीवर चक्क बाभळीच्या काट्या पसरल्या, वावराच्या कुंपणाला लावतात तशा.

यावरून बायका भांडायला आल्या. लेकरांच्या बागेत काटे टाकतं का कुणी? मामा शांत. "बाई, पोट्टं बोर्ड वाचत नाई. काटा वाचते," म्हणाले. आठ दिवसांनी भांडणाऱ्यांपैकीच एक बाई मला सांगत होती, की सर, मामांनी बाकी काम चोख केलं हो. आमच्याकडची माणसं अशी आहेत, आधी भांडतात, मग तारीफ करतात, दोन्ही मोठ्या आवाजात.

मामा मूळचे बपेऱ्याचे, तिकडे तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. घरी दोन एकर धान आणि मामी. इथे बागेतच पत्र्याच्या खोलीत राहायचे, पंधरा दिवसांनी गावी जायचे. त्या खोलीबद्दल त्यांचा नियम सगळ्यांत कडक होता. पाऊस आला तरी कुणाला आत घेत नसत. "भायेर वारा हाये, तो घेऊन जाते. अंदर चार भिती हायेत, त्या ठेवून घेते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! डॉक्टर लोक टीव्हीवर तासभर जे सांगायचे ते इतकंच होतं.

फाटकावर मामा प्रत्येकाच्या कपाळाशी ताप मोजायचं यंत्र धरायचे. पण खोकला त्या यंत्राला कळत नाही, म्हणून तो तोंडी विचारायचे. "खोकला हाये? घरी कोनी पडलं हाये?" नाही म्हटलं की सोडायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, लोक खोटं सांगतील की." तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "काहून सांगतीन, गुरुजी? मराचं काम हाये हे, मजाक हाये का?"

आता आईकडे येतो, कारण हे सगळं तिच्यापायी आहे. भादव्यात आईला कोरोना झाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सोळा दिवस काढून ती घरी आली ती अर्धी होऊन. पायांतलं बळ गेलेलं. चार पावलं टाकली की दम, पाचव्याला तोल. डॉक्टरांनी बजावलं, रोज मोकळ्या हवेत चालवा, एक दिवस चुकवू नका, ही बाई अंथरुणाला लागली की परत उठायची नाही. आमचं घर हायवेला लागून. दारातून ट्रक जातात. घरात चालायचं तर स्वयंपाकघर ते न्हाणी, नऊ पावलं. बाग हाच एक इलाज होता, आणि बागेत एकमेकांना हात लावायला बंदी. मला तर तिच्यासोबत चालतानाही धास्ती वाटे, कारण मी शाळेच्या सर्वेक्षणाच्या कामात घरोघर फिरत होतो.

मामांनी आईला सकाळची पहिली पाळी दिली. बाग झाडून झाली, की फाटक उघडायच्या आधी अर्धा तास ती आणि मामा. मी बाकावर. पहिल्या दिवशी ती तोल जाऊन उभीच राहिली, रडायला लागली. मामांनी खांद्यावरची दोरी काढली, एक गाठ तिच्या हातात दिली आणि चार हात सोडून दुसरी गाठ स्वतः धरली. "चाल वो माय. दोरी ढिली नोको होऊ देऊ. ताणून धरली का मानूस पडत नाई." आणि खरंच, ती चालली. दोरी तिला काही धरून ठेवत नव्हती, पण पलीकडे कुणीतरी आहे एवढं तिला पुरत होतं. अर्धी फेरी, मग एक, मग तीन. त्या अर्ध्या तासात मामा तिला बपेऱ्याचं सगळं सांगायचे. मामी किती तोंडाळ आहे, बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, यंदा मासोळी किती, धान कधी पिवळं पडेल. महिन्याभराने आईने फाटकापासून पिंपळापर्यंत दोरीशिवाय चालून दाखवलं, तेव्हा मामांनी शिट्टी वाजवली. मला आनंद झाला होता. हे लिहून ठेवतो, कारण पुढे बरेच दिवस मला आनंद, दुःख काही झालंच नाही.

दिवाळीनंतर धान चुरायचे दिवस आले. मळणीला आमच्याकडे चुरणं म्हणतात. मशीन लागली की सगळ्या गावावर कोंडा उडतो, अंग खाजतं, घसा खवखवतो, अन् प्रत्येक घरात एक तरी माणूस खोकत असतो. त्याला कुणी आजार म्हणत नाही. मी एका रविवारी सासऱ्यांच्या वावरात चुरणीला गेलो आणि सोमवारपासून खोकायला लागलो. फाटकावर मामांनी विचारलं. मी म्हटलं, "चुरण्याचा आहे, मामा." ते हसले. "मले बी दरसाली होते. गूळ खा जी." सोमवारी ते खरं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

बुधवारी सकाळी चहाला चव नव्हती. बायको लसणाची फोडणी घालत होती आणि मला वास येत नव्हता. अंग कोमट. मला कळलं. मी मास्तर आहे, घरोघर जाऊन हीच लक्षणं लोकांना विचारत होतो, मला कसं नाही कळणार? पण सांगितलं की घरावर कागद चिकटणार, चौदा दिवस दार बंद, आईची पाळी बंद, आणि चौदा दिवसांनी ती उठेल की नाही कोण जाणे. मी तापाची गोळी घेतली. तासभर थांबलो. कपाळ थंड झाल्यावर आईला घेऊन निघालो. आई घरातून निघताना म्हणाली, "बाबू, तुले बरं नाई. नोको जाऊ." मी तिच्यावर ओरडलो.

मामांनी यंत्र धरलं, आकडा बरोबर आला. "चुरण्याचा गेला नाई अजून?" मी म्हटलं, "नाही ना, मामा." एवढंच बोलणं झालं.

त्याच दिवशी आई पिंपळाशी पडली. दोरी नव्हती, दोन-तीन दिवसांपासून ती दोरीशिवाय चालत होती. मामा धावले, मीही धावलो. दोघांनी मिळून उचललं तिला. तिचं डोकं फुटलं होतं, रक्त येत होतं. मामांच्या तोंडावरचा रुमाल गळ्यात आला होता, माझा मास्क हनुवटीवर. मला दम लागला होता आणि मी खोकत होतो. बाहेर थंडी, तिला कापरं भरलेलं. मामांनी मागचापुढचा विचार न करता आम्हाला पत्र्याच्या खोलीत नेलं, वाऱ्याने ती काकडेल म्हणून दार लावून घेतलं. कपाळाला हळद दाबली, पाणी पाजलं. वीस मिनिटं आम्ही तिघं त्या खोलीत होतो. मी एका शब्दाने म्हणालो नाही, मामा, दार उघडा.

संध्याकाळी मला सणकून ताप आला. दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी कागद दारावर. आईला काही झालं नाही, ती आधीच भोगून बसली होती. मी वरच्या खोलीत पडून होतो आणि मोबाइल उशाशी होता. त्यात मामांचा नंबर होता. एक फोन करायचा होता. मामा, तो खोकला चुरण्याचा नव्हता, तपासून घ्या. पंधरा सेकंदांचं काम. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी कळलं, की मामा धान चुरायला गावी गेले, ठणठणीत आहेत. मी म्हटलं, सुटलो! असं अगदी मनात म्हटलं मी, आणि झोपलो.

दोन आठवड्यांनी मामा गेल्याचं कळलं. त्या दिवसांत फोन आला की लोक "काय झालं" विचारत नसत, "कोण" विचारत. मीही "कोण" विचारलं. मग जेवलो. मला रडू आलं नाही. आईला सांगितलं, ती म्हणाली, "तू त्याइले सांगतलं होतं का रे?" मी जिना चढून वर गेलो.

त्यानंतर शाळा उघडल्या, बाग पुरती उघडली, काट्या गेल्या, नवा चौकीदार आला. आई आता सात फेऱ्या मारते. मी नोकरी करतो, लग्नांना जातो, हसतो. आत काही हलत नाही. कुणी कोरोनाच्या गोष्टी काढल्या की मी चप्पल घालून बाहेर जातो. आई मात्र दर दिवाळीला तेच. मले बपेऱ्याले ने. मामीले भेटाचं हाये. मी तीन वर्षं कारणं सांगितली. यंदा ती म्हणाली, "तू नाई सांगतलं त मी सांगतो तिले," आणि थैली घेऊन बस स्टँडवर जाऊन बसली. मग काय करता? गेलो.

मामींनी अंगणात खाट टाकली. आईला पाहून त्यांना इतका आनंद झाला, की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. "थेच माय का तू? दोरीवाली? लय सांगत होते वो तुह्याबद्दल!" त्यांनी आईचे हात हातात घेतले. चहा आला. मग मामी आपणहून बोलायला लागल्या. मामा गावी आले आणि दोन दिवसांनी खोकायला लागले. मामींनी दवाखान्यात चला म्हणून डोकेफोड केली, भाचा गाडी घेऊन दारात उभा होता. "नाई म्हने. चुरण्याचा हाये म्हने. लाखनीच्या गुरुजीले बी होता, गुरुजी काय येडे हायेत का म्हने, त्याइले कळत नाई का. पाचव्या दिवशी सास लागला. तुमसरच्या दवाखान्यात नेत होतो, त रस्त्यानंच गेले."

आईने माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. बुधवारचा चहा, लसूण, तापाची गोळी, खोली, फोन. सगळं, एकदाही न थांबता, वर्गात धडा वाचतात तसं. माझा आवाज कापला नाही. मला वाटलं होतं मामी रडतील, शिव्या देतील, हाकलून देतील. मी त्यासाठीच गेलो होतो म्हणा ना.

मामी उठल्या. आईच्या कपातला चहा निवला म्हणून तो उचलून आत घेऊन गेल्या, गरम करून आणला, तिच्यासमोर ठेवला. समोर घराच्या भिंतीवर मामांचा फोटो होता.

"चार वर्स झाले, मी त्याइच्याशीच भांडतो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "सकाळी उठलो का पयले थ्या फोटोशी भांडतो. आयकलं नाई माह्यं, हट्टी मानूस, आपल्या हट्टानं मेला, मले टाकून गेला. भांडण झालं का बरं वाटते, मंग कामाले लागतो." त्यांनी पदर सारखा केला. "आता कोनाशी भांडू मी?"