दसऱ्यानंतरचा मेळावा

राहीबाईला कुणी "कशा हाय मावशी?" असं विचारलं की ती म्हणायची, "भाकरीसारखी. एक बाजू भाजून झाली, दुसरी तव्यावर हाय." आणि स्वतःच हसायची. जामखेडच्या अलीकडं, माळावर जे मुलींचं वसतिगृह आहे, तिथं ती अकरा वर्षं स्वयंपाकाला होती. बेचाळीस पोरी, सगळ्या ऊसतोड्यांच्या. आईबाप सहा महिने उसाच्या फडावर आणि पोरी इथं शाळेत. कागदावर राहीबाई नुसती स्वयंपाकीण. पण कुठली पोरगी ताटात कालवण तसंच ठेवून उठली, कुणाचा बाप फाटकापर्यंत येऊन आत न येताच परत गेला, हे तिला सरांच्या आधी कळायचं. सर म्हणजे वैजनाथसर, वसतिगृहाचे प्रमुख. माणूस सज्जन, पण कागदाला भिणारा.

वसतिगृह चालायचं परदेशच्या मदतीवर. एक संस्था जर्मनीची, एक हॉलंडची, एक इटलीची. पूर्वी तिघींचा तीन तऱ्हांचा कारभार. ज्यांचे पाहुणे येतील त्यांची पाटी भिंतीला लावायची, ते गेले की काढायची. एकदा इटलीवाले एक दिवस आधीच येऊन दारात उभे आणि भिंतीवर जर्मनीची पाटी! सरांना घाम फुटला. राहीबाईनं काय करावं? आपलं ओलं लुगडं त्या पाटीवर वाळत टाकलं. पाहुण्यांनी त्या लुगड्याचा फोटो काढून नेला.

मग तिन्ही संस्थांनी ठरवलं, गरिबाच्या पोरांसाठीच करायचं तर वेगवेगळं कशाला, एकत्र करू. चांगलंच झालं, खोटं कशाला बोला! आंघोळीला गरम पाणी आलं, संगणक आले, दर आठवड्याला नर्सबाई येऊ लागली. आणि तिघींच्या नियमांचं मिळून एक जाडजूड पुस्तक आलं.

राहीबाईचा मात्र एकच नियम होता आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता. दसरा झाला की टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. मुकादम गावोगाव फिरून कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा तोडणारा आणि बायको मोळ्या बांधून वाहणारी. एकट्या माणसाला मुकादम दारात उभा करत नाही. ज्याची बायको अंथरूण धरते त्याचा अर्धा कोयता होतो, आणि मग तो उरलेला अर्धा शोधायला लागतो. कुठं सापडतो तो? शाळेत, नववी-दहावीच्या बाकावर! म्हणून दसऱ्यापासून टोळ्या हलेपर्यंत राहीबाई एकाही मोठ्या पोरीला फाटकाबाहेर सोडायची नाही. बाप आला की ही कमरेवर हात ठेवून दारात. "परीक्षा हाय तिची. बोर्डाची." आठवीतल्या पोरीलासुद्धा बोर्डाची परीक्षा! टोळ्यांचे ट्रक गेले की परीक्षा संपायची आणि पोरी दिवाळीचे लाडू वळायला बसायच्या.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती तेरा वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली. बाप म्हणाला, "चल राहे, ह्या सालापुरती." त्या एका सालाची बावीस सालं झाली. लग्न फडावर, दोन बाळंतपणं फडावर, त्यातलं एक लेकरू गेलं तेही फडावरच. नवरा गेला तेव्हा तीही अर्धा कोयता झाली, म्हणून सुटली. "नवरा मेला तवा माझी शाळा भरली," असं ती म्हणायची आणि ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही.

मागच्या साली एक बाप हुशार निघाला. त्यानं शाळेत जाऊन चौकशी केली. कसली परीक्षा नि कसलं काय! त्यानं पाहुण्यांपुढं तक्रार केली, ती पार तिकडं पोचली आणि पुस्तकात नवं कलम आलं. पालकांशी खोटं बोलायचं नाही, मूल पालकांपासून अडवायचं नाही. राहीबाईची सही घेतली गेली. वैजनाथसर म्हणाले, "राहीबाई, पुन्हा असं झालं तर तुमचं काम जाईल ते जाईल. तिघांनी हात काढून घेतला तर ह्या बेचाळीस पोरींनी कुठं जायचं?"

वर संस्थांनी आणखी एक टूम काढली. पालकांना हे ठिकाण परकं वाटतं, म्हणून त्यांना मानानं बोलवा, जेवू घाला, मेळावा करा. विचार वाईट नव्हता. पण तिन्ही देशांच्या माणसांच्या सवडी जुळवता जुळवता वर्षात एकच दिवस निघाला, दसऱ्यानंतरचा तिसरा.

"सर, कोल्ह्याला खुराड्यात जेवायला बोलवत्यात का कुणी?" राहीबाई म्हणाली.

"तारीख तिकडून आलीय, राहीबाई."

"मग तुमी इकडून सांगा की! त्यास्नी काय ठावं, दसरा कशाशी खात्यात?"

सरांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे विषय संपला.

नवरात्रातली गोष्ट. दुपारी राहीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी गहू निवडत बसली होती. फाटकाशी बजरंग आला. सुकन्याचा बाप. सुकन्या दहावीतली, राहीबाईच्या गळ्यातला ताईत. नर्सबाई आली की तिची पेटी उचलायला पहिली धावायची, पोरींचे ताप मोजून वहीत लिहायची, मोठेपणी नर्स व्हायचं म्हणायची. तिच्या आईचा, सविताचा, मणका सरकला होता आणि उन्हाळ्यापासून ती वाकूनच चालत होती. हे राहीबाईला माहीत होतं आणि तेव्हापासूनच ती फाटकाकडं डोळा ठेवून होती.

बजरंगनं पिशवीतून काहीतरी काढलं. बाभळीची मूठ होती, नुकती तासलेली, कोयत्याला बसवायची. "धर बघू," तो म्हणाला. सुकन्यानं हसत हसत धरली. बापानं तिच्या बोटांवरून बोट फिरवलं, खडूनं खूण केली आणि मूठ पुन्हा पिशवीत टाकली. मग लेकीला पेढा दिला आणि गेला.

राहीबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिच्या बापानंही अशीच मूठ धरायला दिली होती. तिलाही तेव्हा हसू आलं होतं.

तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बजरंगनं लेखी दिलंय. आई आजारी, पोरगी घरी राहून तिचं बघेल, गावातल्या शाळेत जाईल. मुठीवरून मी काय सिद्ध करू?" आणि मग जरा उभारी धरून म्हणाले, "पण काळजी नको. नवा नियम आहे. मूल न्यायचं तर मुलाला विचारल्याशिवाय नाही. मेळाव्यात सुकन्याला विचारतील. ती नाही म्हणाली की विषय संपला."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सुकन्या चुलीपाशी येऊन बसली. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. तिला आता सगळं समजलं होतं.

"मावशी, मी न्हाई म्हनीन. खरंच म्हनीन."

"म्हन पोरी. जीभ काय गहाण टाकलीय का आपली!"

"पन तुमी समोर उभ्या राहा. मी तुमच्याकडं बघून म्हनीन. तुमी माझ्याकडं बघत राहा, हलू नका."

"राहते गं माझे आई. खांबासारखी उभी राहते."

मेळाव्याचा दिवस उजाडला तो पहाटेपासून ट्रकांचे आवाज घेऊन. कोल्हारकडच्या फडावर जाणाऱ्या पहिल्या टोळ्या आधीच निघाल्या होत्या. गाड्यांवर बोचकी, पत्रे, शेळ्या आणि माणसं. मांडवात दोनशेवर माणूस बसलं होतं. शिरा-पुरीचा वास सुटला होता. फाटकाबाहेर मुकादमाची जीप लिंबाखाली उभी होती. मुकादमाला कुणी बोलावलं नव्हतं, पण आलेले बाप त्याच्याच टोळ्यांतले होते. तो आत आला नाही, बॉनेटला टेकून तंबाखू मळत राहिला. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.

हॉलंडची आनेकेबाई पोरींकडून साडी नेसून घेऊन आली होती. मनानं लोण्यासारखी बाई, पोरींच्या केसांत फणी फिरवणारी. पुण्याची एक मुलगी तिचं बोलणं मराठीत सांगत होती. सुकन्याला वर बोलावलं. एका बाजूला बजरंग हात जोडून, दुसऱ्या बाजूला खुर्चीत वाकलेली सविता. सुकन्याच्या हातात माइक दिला.

"सुकन्या, इथं तुझंच मत महत्त्वाचं आहे. तुला इथं राहायचंय की घरी जायचंय? मोकळेपणानं सांग. तू म्हणशील तसंच होईल."

अहो, आपल्याकडं पोरगी बापाला नाही म्हणते ती चुलीपुढं, आईच्या पाठीआडून, रडत-भांडत. दोनशे माणसांत, भावकीपुढं, माइकवरून नाही म्हणत! तसं म्हटलं तर बापाची पगडी तिथंच धुळीत आणि त्या पोरीला पुन्हा गावचा उंबरा नाही. हे राहीबाईला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, मांडवातल्या शेवटच्या म्हातारीला ठाऊक होतं. विचारणारीला तेवढं ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

सुकन्यानं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला. मूठ धरावी तसा. तिनं राहीबाईकडं बघितलं.

राहीबाई समोरच उभी होती. तिच्या मनात ओरडा उठला होता, बाई, त्याच्या पिशवीत बघा! पोरगी आईपाशी न्हाई जायची, फडावर जायची! तेवढ्यात शेजारून वैजनाथसर हळूच म्हणाले, "राहीबाई. बेचाळीस." एवढंच म्हणाले. समोर बजरंग जोडलेले हात तिच्याकडं वळवून उभा होता आणि बावीस वर्षं मुकादमापुढं खाली राहिलेली मान सवयीनं खाली गेली.

दोन श्वासांइतकाच वेळ. तिनं मान वर केली तोवर माइकमधून आवाज आला होता.

"मला घरी जायचंय."

टाळ्या पडल्या. आनेकेबाईचे डोळे भरून आले. पोरगी स्वतःच्या तोंडानं बोलली, याचा तिला खरोखर आनंद झाला होता. फाटकाबाहेर मुकादमानं तंबाखू झटकली आणि वहीत एक रेघ ओढली.

सुकन्या पेटी घेऊन निघाली तेव्हा स्वयंपाकघरात आली नाही. राहीबाई दारात उभी राहून ती फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिली. थू माझ्या जिनगानीवर, असं ती त्या दिवशी स्वतःला किती वेळा म्हणाली त्याला गणती नाही.

फेब्रुवारीत तिकडून एक मोठं चित्र आलं, काचेत मढवलेलं. तिन्ही संस्थांच्या नावांखाली माइक धरलेली सुकन्या, आणि खाली अक्षरं, "माझं मत, माझा आवाज." ते जेवणघराच्या भिंतीवर लागलं. चित्राच्या कडेला एक बाई होती, मान खाली घातलेली, नुसता भांग दिसत होता.

"मावशी, तुमचा बी फोटू आलाय!" पोरी नाचायला लागल्या. "पन खाली काय बघताय हो?"

"मुंगी हुती," राहीबाई म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून ती भाकरी वाढताना त्या भिंतीकडं पाठ करून वाढायची. भाकरीची ती गंमतही तिनं पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी फाटकाशी एक बाई आली. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत. बोटाला धरून दहा वर्षांची पोरगी. पार जवळ आली तेव्हा राहीबाईला ओळख पटली.

"सुकन्ये!"

"माघातच लगीन उरकलं," सुकन्या म्हणाली. "फडावरच. बिनदाराच्या कोपीत तरणी पोरगी म्हंजे बापाला घोर." हे ती दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगत होती. "ही दिशा. माझी धाकटी. हिला ठिवून घ्या, मावशी. अंकलिपी सगळी येती तिला."

राहीबाई तिला जवळ घ्यायला पुढं झाली. सुकन्या मागं सरकली नाही, पण वितळलीही नाही. जेवणघरात आली तेव्हा तिची नजर भिंतीवर गेली. ती त्या चित्रापाशी गेली. मग तिचं बोट माइकवरून सरकत सरकत कडेच्या त्या खाली घातलेल्या डोक्यावर येऊन थांबलं.

"मावशी, एक सांगू?"

"सांग की गं."

"हिला कदी चारचौघांत काय इचारू देऊ नका." तिनं दिशाचा हात राहीबाईच्या हातात दिला. "आनि इचारलंच कुनी, तर तवा तरी खाली बघू नका."

ती आली तशी गेली. राहीबाई त्या लहानग्या हातावरची पकड ढिली न करता भिंतीपुढं उभी राहिली. सकाळीच वैजनाथसरांनी यंदाच्या मेळाव्याची तारीख सांगितली होती. तिघांच्या सवडीनं पुन्हा एकच दिवस निघाला होता, दसऱ्यानंतरचा दुसरा.