माणूस झाल्याचा आनंद

माणूस झाल्याचा आनंद माझ्या आतोबांना जितका झाला होता, तितका अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला झालेला मी पाहिला नाही. आम्ही बाकीचे आपले जन्माला आलो म्हणून माणूस. आतोबा मात्र रोज सकाळी ओटीवर बसून स्वतःचा अंगठा चारी बोटांना लावून बघत आणि नव्याने थक्क होत. "जमलंय बरं का हे!" असं म्हणत, जणू आदल्या दिवशीच कोणीतरी तो बसवून दिला होता. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास ते अलिबागच्या एका शाळेत सायन्स शिकवीत आणि थळहून सायकलने जात-येत. वाटेत डबक्यात बेडकाची पिल्लं दिसली, की सायकल तिथेच आडवी. शेपटी कोणाची किती गळली हे पाहून होईपर्यंत पहिला तास संपलेला असे.

त्यांच्या शेजारी जेवायला बसायला आम्ही पोरं घाबरायचो. ताटातल्या बांगड्याचा पर उचलून ते माझ्या हाताशेजारी धरीत. "बघितलंस? दोघांची सुरुवात एकाच आराखड्याने. त्याला वल्हं मिळालं, तुला बोटं." मग त्या बोटांनी त्याच बांगड्याला हात लावायचा माझा धीर होत नसे. आत्या पलीकडून म्हणायची, "अहो, आधी जेवा. पूर्वज काही पळून जात नाहीत."

खाडीच्या चिखलात निवटे नावाचे मासे असतात. पाण्याबाहेर येतात, परांवर रेटा देत उड्या मारतात आणि डोळे वटारून आपल्याकडे बघतात. त्यांचं कालवण आत्याच्या फार आवडीचं, पण आतोबांनी घरात निवट्यांना बंदी केली. "बिचारा जमिनीवर यायला निघालाय. प्रवासाला निघालेल्याला कोणी चिंचेच्या कोळात घालतं का?"

मासळीवाली टोपली खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, यो माजे आजीच्या वक्तापासून निगालाय. आजून चिखलानच हाय."

"मग? घाई काय आहे त्याला?" आतोबा म्हणाले.

देवळातही हीच तऱ्हा. गणपतीला वाहायला डबल जास्वंद न्यायचे आणि गाभाऱ्याच्या दारातच ती उलगडत बसायचे. "गुरुजी, ह्या आतल्या पाकळ्या खरं म्हणजे केसर आहेत बरं का! झाडाचा बेत थोडा बदलला, केसराची पाकळी झाली. ही बघा, अर्धी हे, अर्धी ते!" मागे रांग खोळंबलेली. गुरुजी कंटाळून म्हणाले, "तुम्ही ठरवा काय ते, मग वाहा."

पण या वेडाचा एकदा खरा कस लागला, तो कुसुमच्या मुलीच्या बारशाला. कुसुम ही आतोबांची एकुलती एक लेक, उरणकडच्या मिठागरवाल्यांकडे दिलेली. बारशाच्या सकाळी आत्याने आतोबांकडून वचन घेतलं, की सासरची माणसं असेपर्यंत मासा, बेडूक, माकड यांपैकी कोणाचंही नाव काढायचं नाही. आतोबांनी बिचाऱ्यांनी दुपारपर्यंत ते पाळलंही.

मग विहीणबाईंनी बाळाचं टोपडं मागे सारलं. कानाच्या पुढे सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"टोचल्याबिगर भोक?" विहीणबाई ओरडल्या. "आमचे घरान असा कुनाला न्हाय. भगताला इचारल्याबिगर मी पोरीला न्हेनार न्हाय!"

कुसुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आतोबा उठले.

"विहीणबाई, आईच्या पोटात सुरुवातीला आपल्या सगळ्यांच्या मानेशी घड्या असतात. त्या घड्यांचे..." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "ज्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यात कल्ले होतात. आपल्यात त्याच सामानातून जबडा होतो, कान होतो."

विहीणबाई पांढऱ्याफटक. "कोनाचा? कोनाचा नाव घ्यायचा न्हाय?"

"मासा हो, मासा!" शेवटी आत्याच किंचाळली.

आतोबांना आता कोण अडवणार? कान लहान लहान उंचवटे जुळून तयार होतो, एखादा सांधा जुळायचा राहिला की भोक राहतं, पोरीला काहीही झालेलं नाही, हे त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. "आणि हे बहुतेक घराण्यातून येतं," असं म्हणून ते एकेकाचे कान तपासत सुटले. माझा कान पिरगळून पाहिला, आत्याचा पाहिला आणि कोपऱ्यात मुकाट बसलेल्या व्याह्यांपाशी येऊन त्यांनी त्यांचा फेटा सरळ वर सरकवला.

डाव्या कानापुढे, अगदी त्याच जागी, तसंच भोक.

"एवढी वर्षं संसार केलात, दिसलं नाही?" आत्याने विचारलं.

"त्या कानान माजा सबूद कंदी शिरलाच न्हाय," विहीणबाई म्हणाल्या, "मंग मी कशाला बघू?"

व्याही त्या दिवसात पहिल्यांदा बोलले. "नात माजी हाय. घरान न्हेयाची." कुसुम रडता रडता हसायला लागली, आणि आत्याने बारशाच्या घुगऱ्या सगळ्यांत आधी आतोबांच्या हातावर ठेवल्या.

पुढे काही वर्षांनी आत्या गेली. मी भेटायला गेलो तेव्हा आतोबांनी स्वतः चहा केला, गोडमिट्ट. त्यांनी काही शिकवायला सुरुवात करावी म्हणून मी वाट पाहत होतो. कपबशी खाली ठेवून ते खाडीकडे वळले. मग म्हणाले, "ती लहानपणी कशी होती रे? तुझे वडील काही सांगायचे का? मी कधी विचारलंच नाही."

वडिलांकडून ऐकलेलं मी सांगितलं. चिंचेवर चढून बसायची, उतरायची नाही, आजी खालून छडी दाखवायची, ही वरून चिंचा फेकायची. आतोबा मान पुढे करून ऐकत होते, वर्गातल्या मुलासारखे.

"मग?" ते म्हणाले.

माझ्याकडचं संपलं होतं. मी थोडं मनचं घालून पुढे सांगू लागलो.