सरंग्याची पर्स

आमच्या विंगमध्ये मासे खाणारं घर एकच, ते आमचं. परळच्या चाळीतून आम्ही मुलुंडला राहायला आलो त्याला अठरा वर्षं झाली, आणि अठरा वर्षं माझी मालवणी आई मासळी चोरून आणते. चोरून म्हणजे बाजारातून नव्हे हो, तिथे ती रोख मोजून, भांडून घेते. चोरी असते ती घरी आणताना. मासे एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, ती कापडी पिशवीत आणि वर कोथिंबिरीची जुडी. एवढं करूनही बाई लिफ्टने येत नाहीत, तीन मजले जिना चढतात. "बंद डब्यात वास मारता," म्हणे. बरं, फक्त मासळीच्या दिवशी जिना चढलं तर लोकांना कळेल, म्हणून रोजच जिना! तळायचं असेल तेव्हा खिडक्या बंद आणि दारात अगरबत्ती. सत्तरी उलटली, गुडघे बोलायला लागले, डॉक्टरांनी जिना बंद करा म्हणून बजावलं. ऐकेल तर ती आई कसली!

"तुला कुणी काही बोललं का कधी?" मी विचारायची.

"कोण कशाक बोलतला? बोलूची पाळीच येवक नको."

या उत्तराने माझं डोकं फिरायचं. लिफ्ट काय शेजाऱ्यांच्या एकट्यांची आहे?

गेल्या वर्षी ऑफिसातली एक मुलगी मांजराच्या आकाराची पर्स घेऊन आली. सगळ्याजणी त्या पर्सवर तुटून पडल्या. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मांजर कशाला, आपण आईसाठी सरंगा शिवू, म्हणजे पापलेट. एवढी लपवतेस ना मासळी, घे, खांद्यालाच लटकव.

रविवारी सकाळी कात्री घेऊन बसले. मोबाईलवर कुणी बाई कापडाचा ससा शिवत होती, तिचं बघून मी अंदाजाने पेपरचा मासा कापला. आई शेजारी मेथी निवडत होती.

"ह्यो सरंगो? ह्येका कोणी तुडवल्यान गो?"

"आई, ती डिझाईन आहे."

"शिरा पडो तुझ्या त्या मोबाईलार! फ्रीजमधे खरो आसा, तो बघ."

नुसतं बोलून थांबली नाही. उठली, फ्रीजमधला सरंगा काढला, धुतला, पुसला आणि सरळ पेपरवर आडवा ठेवून बॉलपेनने त्याच्याभोवती रेघ मारली. शेपटीची दोन टोकं, वरचा पर, खालचा पर, सगळं जसंच्या तसं. मग त्याच सरंग्याला हळद-मीठ लागलं आणि दुपारी आम्ही तो खाल्लासुद्धा.

जुन्या पडद्याचं रुपेरी कापड होतं, ते वर घेतलं. आत फोम, त्याच्या आत आईच्या लाल ब्लाउजपीसचं अस्तर. डोळ्याला कोटाचं काळं बटण. चेन मी पोटाकडे लावणार होते, दिसायला छान म्हणून. "वरसून घाल. पोटाकडे घातलंस तर सगळा सांडतला," आई म्हणाली. चाळीत असताना तिने आख्ख्या मजल्याचे ब्लाउज शिवले होते, तेव्हा मी गुमान ऐकलं. पण शेवटी घोळ घातलाच. पर्स उलटी शिवायची आणि मग उघड्या चेनमधून बाहेर ओढून सुलटी करायची, हे शेंबडं पोरही सांगेल. मी चेन बंद ठेवून चारी बाजूंनी टीप मारून मोकळी झाले. आता हात घालायचा कुठून?

"तोंडच शिवलंस गो तेचा!" आई पदराने डोळे पुसत हसत होती. मग तिनेच ब्लेड घेऊन शेपटीकडची शिवण उसवली, पर्स सुलटी केली आणि शेपूट हातशिलाईने बंद केली. काय झकास दिसत होता सरंगा! पण तो खिळ्यालाच लटकून राहिला. "फॅशन करूचा वय माझा?" असं आई म्हणायची. खरं कारण मला ठाऊक होतं. मासा घेऊन बिल्डिंगमधून जायचं म्हणजे!

मग एक दिवस तिचे गुडघे इतके सुजले की जिना उतरणं अशक्य झालं. डॉक्टरांकडे तर जायलाच हवं होतं. मी तिचे रिपोर्ट आणि चष्मा त्या पर्समध्येच भरले, पर्स तिच्या खांद्याला अडकवली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"ह्या घेऊन मी लिफ्टीत जावचंय नाय!"

तोवर लिफ्ट आलीही. आत पाचव्या मजल्यावरच्या गुजराती बेन उभ्या. आईने घाईघाईने माशाच्या डोळ्यावर हात ठेवला. डोळा झाकला की मासा दिसत नाही, असं तिला वाटलं असावं.

"अरे, मासा!" बेन खाली वाकून बघायला लागल्या. "किती गोड! माझ्या नातीला हत्ती शिवून द्याल?" मग आईकडे बघून म्हणाल्या, "आणि बेन, तुमची भीती गेली वाटतं?"

"कसली भीती?" आईने विचारलं.

"लिफ्टची! इतकी वर्षं तुम्ही आत पाय ठेवत नाही. आम्ही समजतो, तुम्हाला लिफ्टची भीती वाटते."

आई कशीबशी म्हणाली, "नाही हो, ते मासळीचा वास..."

"तो तर माहीतच आहे. तुमच्याकडे अगरबत्ती लागली की आम्ही म्हणतो, आज मासे! त्यात काय?"

गेटबाहेर आल्यावर आई थांबली. "अठरा वर्षां गो! ढोपरांची वाट लागली माझ्या, आणि हिका वाटता मी लिफ्टीक भियतंय!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मीही हसले, पण मला लाज वाटली. अठरा वर्षं मी तिच्यावर चिडत होते. पाचव्या मजल्यावर जाऊन एकदा विचारावं, हे मलाही सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दार उघडलं तर आई, हातात एकच पिशवी, त्यातून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. मागे लिफ्टचं दार बंद होत होतं. मी सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"नको गो," ती म्हणाली. "माका दम खंय लागलो?"