गाडी खाली केलेली आहे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, तुम्ही हसणारच, ते मला माहीत आहे. पण निदान तोंडातला चहा गिळून हसा. मागच्या वेळी सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंनी माझ्या पांढऱ्या शर्टाचं वाटोळं केलं होतं. एवढा मोठा घोळ मी आयुष्यात दुसरा घातलेला नाही. म्हणजे घातले असतील, पण त्यांचं चित्रीकरण झालेलं नाही.

माझी उंची सहा फूट तीन इंच. एवढा उंच माणूस म्हणजे सगळ्या बिल्डिंगची शिडी. कोणाचा बल्ब गेला, कोणाच्या माळ्यावरचं पातेलं काढायचं, की आलीच हाक! नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. लोकांच्या प्लॉटची हद्द इंचाइंचानं मोजून देणं, हे माझं पोटापाण्याचं काम.

तर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला स्पोर्ट बाईक घ्यावीशी वाटली.

"काहून?" आमची बायको वैशाली म्हणाली. "या वयात लोक देवाले लागतात, अन् तुम्ही गाडीले लागले!"

नव्या गाडीला तिनं साफ नकार दिला, म्हणून जुनी शोधायला लागलो. मोबाईलवर एक लालभडक गाडी सापडली. पत्ता धरमपेठचा. रविवारी सकाळी पोचलो. गेट उघडलं एका बाईंनी. पाच फुटांच्याही थोड्या आतच. मागे ओट्यावर एक काका शब्दकोडं सोडवत बसलेले.

मी म्हटलं, "भाऊ आहेत का घरी? गाडीचं बोलायचं होतं."

"कोण भाऊ?"

"गाडीवाले भाऊ."

"गाडी माझी आहे," बाई, म्हणजे केतकी मॅडम, म्हणाल्या. "चार वर्षं मीच चालवते. दिवाळीत पचमढीला जाऊन आले."

झालं! गेटमध्येच नाक कापलं गेलं. मी मनाशी ठरवलं, आता एकही प्रश्न विचारायचा नाही. गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं असा चेहरा करायचा आणि मान हलवत राहायची. खरं सांगतो, पुढचं सगळं रामायण या एका चेहऱ्यानं घडवलं.

"एक गोष्ट आधीच सांगते," केतकी मॅडम म्हणाल्या. "गाडी खाली केलेली आहे."

खाली! म्हणजे टाकीतलं पेट्रोल काढून घेतलेलं. गाडी विकताना सगळेच काढतात, त्यात काय एवढं?

"चालते ना मॅडम! पंपावर भरून घेतो."

"पंपावर?"

"दोन मिनटाचं काम."

मॅडमनी ओट्यावरच्या वडिलांकडे पाहिलं. काका शब्दकोड्यातून वर आले. "पंपावर भरून होतं हे?"

"होते ना काका! काहून नाही होत? मी तर दर आठवड्याले भरतो."

"दर आठवड्याला!" काकांनी चष्मा काढला.

"पण तुमची उंची बघता," मॅडम म्हणाल्या, "वर करूनच घ्या हो. त्रास होईल नाहीतर."

आता पेट्रोलचा आणि उंचीचा काय संबंध? पण चेहरा केलेला होता ना! मी म्हटलं, "उंचीचं काय घेऊन बसल्या मॅडम? फुल करून घेतो. एकदम वरपर्यंत!"

त्या आतून एक जड पिशवी घेऊन आल्या. "जुने पार्ट आहेत, असू द्या तुमच्याजवळ."

"राहू द्या, राहू द्या. मले नाही लागत."

गल्लीत एक चक्कर मारली. पाय जमिनीला टेकले, वरून गुडघेही छान वाकलेले. काट्याकडे पाहिलं तर टाकी अर्धी भरलेली! माझं मन भरून आलं. अर्ध्या टाकीलाही खाली म्हणणारी माणसं अजून जगात आहेत! व्यवहार तिथल्या तिथे पक्का केला आणि पुढच्या रविवारी गाडी घेऊन मनीषनगरला घरी आलो.

वैशाली गॅलरीतून बघत होती. पहिलं वाक्य काय म्हणाली? "अजी, तुमचे गुडघे कानाले लागून राहिले!"

"स्पोर्ट बाईक अशीच असते वं. तुले नाही समजत."

तिला समजत नव्हतं आणि मला तरी कुठे समजत होतं? दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो. आमच्या कोपऱ्यावर पहिला स्पीड ब्रेकर. खर्रर्र! गाडीचं पोट घासलं. दुसरा स्पीड ब्रेकर. खर्रर्र! खापरखेड्याला एक मोजणी होती, तिथे पोचेपर्यंत मी मोजले, सतरा वेळा खर्रर्र. गाडीवरून उतरलो तर पाय सरळ होईनात. शेताचा मालक म्हणाला, "साहेब, बसूनच मोजता का?"

संध्याकाळी वैशालीला सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजी, गाडीचा काय दोष? शहाण्णव किलो कशाले म्हणतात!"

पटलं हो मला! अगदी मनापासून पटलं. गाडी दबते, कारण मी जड आहे. आणि गुडघे दुखतात, कारण वय झालंय. मग काय, सुरू झाला वनवास. रविवारचा तर्री पोहा बंद. भात बंद. सकाळी मैदानाला पाच चकरा. रात्री दुधी. तुम्ही कधी सलग सव्वा महिना दुधी खाल्लाय? माणूस वजनानं नाही, दुःखानं उतरतो. गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे गेलो, एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "गुडघे एकदम ठणठणीत." मी मनात म्हटलं, डॉक्टरलाच काही कळत नाही.

दर रविवारी आमची मोजणी. मी गाडीवर बसायचो, आणि वैशाली रस्त्यावर उकिडवी बसून गाडीच्या पोटाखाली पट्टी लावायची.

"आली का वर?"

"नाही जी."

"नीट पाह्य ना!"

"नीटच पाहून राहिली. तेवढीच आहे. श्वास सोडा थोडा."

मी श्वास सोडायचो. गाडी तेवढीच! बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. चार किलो उतरले माझे, चार! गाडी केसभरही वर आली नाही.

शेवटी ब्रेक आवाज करायला लागले म्हणून पिंटू मिस्त्रीकडे गेलो. त्यानं खाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खाली पाहिलं.

"साहेब, एवढी बुटकी काहून करून घेतली?"

"काय बुटकी?"

"गाडी! मागच्या शॉकअपच्या पट्ट्या बदलल्या आहेत, समोरूनही दाबली आहे. चांगली दोन इंच लो केली. कमी उंचीचे लोक करून घेतात असं. तुम्ही काहून केली बाप्पा?"

माझ्या डोक्यातून धूर निघाला. फसवणूक! दिवसाढवळ्या, धरमपेठेसारख्या वस्तीत! आणि सव्वा महिना मी दुधी खात होतो! तसाच गाडी घेऊन सुटलो. खर्रर्र करतच पोचलो. काका ओट्यावर होतेच.

"मॅडमले बोलवा! अशी दोन इंच दाबलेली गाडी विकतात का कोणी? सांगायचं नाही का माणसाले?"

मॅडम बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं होतं की. याच गेटपाशी. गाडी खाली केलेली आहे, म्हटलं होतं मी."

मी गेटकडे पाहिलं, मग गाडीच्या पोटाकडे पाहिलं.

खाली! खाली म्हणजे खाली, बुटकी, जमिनीजवळ! आता माझीही बाजू समजून घ्या. आमच्या घरी सिलिंडर संपला की खाली, डबा संपला की खाली, बसमध्ये सीट रिकामी असली की खाली. ही धरमपेठेची मंडळी शुद्ध मराठी बोलतील, असं मला कसं सुचणार?

"मले वाटलं, पेट्रोलची टाकी खाली आहे," मी पुटपुटलो.

केतकी मॅडमनी तोंडावर ओढणी धरली. काका मात्र हसले नाहीत. ते उठून उभेच राहिले.

"म्हणजे पंपावर तुम्ही पेट्रोल भरणार होता?"

"हो काका."

"हवा नाही?"

"हवा कशाले?"

"अहो, तुम्ही म्हणालात पंपावर भरून गाडी वर करतो, दर आठवड्याला करतो! मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. हवा भरून गाडी दोन इंच वर कशी येते, या विचारानं मला झोप नाही. शेवटी आमच्या स्कूटरमध्ये भरून पाहिली."

"मग?"

"टायर फुटला."

काकांची क्षमा मागितली. मॅडमनी आतून ती जड पिशवी आणून दिली. या वेळी मी ती दोन्ही हातांनी घेतली.

पिंटूनं दोन दिवसांत जुन्या पट्ट्या लावल्या, समोरूनही गाडी वर घेतली. काय दिसत होती म्हणून सांगू! मी बसलो, गुडघे जागच्या जागी, पाठ सुखात. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली, दोनदा जोरात रेस दिली. पिंटू हातवारे करत काहीतरी ओरडत होता. मी त्याला हात हलवून टाटा केला आणि निघालो. एकही खर्रर्र नाही! संध्याकाळी सातला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि वर जाऊन सव्वा महिन्यानं भात खाल्ला. दोनदा वाढून घेतला.

सकाळी खाली आलो तर गाडी आडवी! आरसा तुटलेला, टाकीला पोचा.

शेजारीच उमरेडकरांची कार. लावताना तेच धक्का देतात, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत. मी तिथेच उभ्या उभ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. केवढा? तीन वेळा बोटानं वर सरकवावा लागेल एवढा! माणुसकी, शेजारधर्म, संस्कार, सगळं काढलं. शेवटी लिहिलं, "कॅमेऱ्यात सगळं दिसेल. हिंमत असेल तर नऊ वाजता खाली या."

आले ना! सगळेच आले. उमरेडकर तर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. वैशाली आली. चौकीदाराच्या केबिनमध्ये तो छोटा पडदा आणि त्याच्याभोवती वीसेक डोकी. मी सगळ्यांत मागे उभा होतो, तरी मला सगळं स्पष्ट दिसत होतं.

पडद्यावर मी येतो. हेल्मेट घातलेलं. गाडी स्टँडवर लावतो. गाडी जरा जास्तच कललेली आहे, पण मी ते बघत नाही. मी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो. मग टाकीवरून हात फिरवतो. मग आरशाजवळ वाकून गाडीशी काहीतरी बोलतो. मग वळतो आणि ऐटीत चालायला लागतो. माझ्या पाठीमागे गाडी अगदी सावकाश, म्हातारं माणूस खाटेवर आडवं होतं तशी, आपली आपण आडवी होते. उमरेडकरांची कार तर चौकटीत आलेलीसुद्धा नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पिंटू. फोन नेमका स्पीकरवर लागला.

"साहेब, काल सांगत होतो, तुम्ही ऐकलंच नाही. गाडी बुटकी केली तेव्हा त्या लोकाईनं स्टँडही कापून छोटं केलं आहे. आता गाडी वर घेतली ना, तर स्टँडवर नका लावू. पडते ती."

मग जे काही हसणं सुटलं, ते मी तुम्हाला सांगत नाही. वैशाली तर चौकीदाराच्या खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत होती. उमरेडकर मात्र गंभीर. त्यांनी चौकीदाराला तो भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा एकदा. मग माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "कॅमेऱ्याले आवाज नाही ना साहेब, म्हणून विचारतो. पडायच्या आधी तुम्ही तिच्या कानात काय म्हणाले?"

मी त्यांना नाही सांगितलं. वैशालीलाही अजून सांगितलेलं नाही. पण आता तुम्ही घरचेच आहात. मी तिला म्हणालो होतो, "बघ राणी, आता कशी स्वतःच्या पायावर उभी राहिलीस!"