आयर्लंडात उकडणारा माणूस

साऱ्या आयर्लंडात उकाड्यानं हैराण झालेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचा फिनलंडवाला. जून महिन्यात आम्ही नवरा-बायको दोन स्वेटर, वर शाल, वर पोराचा रेनकोट असे समुद्रावर कुडकुडत फिरायचो आणि हा बाबा उघड्या अंगानं आपल्या अंगणात उभा राहून कपाळाचा घाम पुसायचा. ‘ट्रॉपिकल,’ म्हणायचा आणि मान हलवायचा, जसं काही देवानं त्याच्या एकट्यावर अन्याय केलाय. वॉटरफोर्डपासून अर्ध्या तासावर, समुद्रकाठी ते गाव. उन्हाळ्यात तिथं पाळणे, चिप्स, आइस्क्रीम आणि पाऊस. पण इथं समुद्र गोठत नाही, बर्फ साचत नाही आणि रस्त्याकडेला ताडासारखी दिसणारी झाडं आहेत, एवढ्यावर त्यानं ठरवून टाकलं होतं की आपण उष्ण प्रदेशात आलो. वर चार खोल्यांचं गेस्टहाऊस, खाली बारा खुर्च्यांचं हॉटेल, दारावर पाटी: ‘ट्रॉपिकल फिनिश रेस्टॉरंट’. माणसं नारळपाण्याच्या आशेनं आत शिरायची आणि खारवलेला मासा खाऊन बाहेर पडायची.

माझ्या बायकोबरोबर शेवटचं साधंसुधं काही केलं असेल, तर ते त्याच्याच हॉटेलात. गुरुवार होता. गुरुवारी त्याच्याकडे वाटाण्याची आमटी असायची. त्यांच्या देशात म्हणे दर गुरुवारी तीच खातात. आम्ही बसनं गेलो, खिडकीपाशी बसलो, आमटी प्यालो. ती म्हणाली, “मीठ कमी पडलंय आज.” मी म्हटलं, “घाल की मग.” तिनं घातलं. बसनं परत आलो. एवढंच. शनिवारी दुपारी सुनेच्या ओट्यापाशी भाजी चिरता चिरता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलरपुढं आग सांभाळली. पोरगा शिकला, इकडं वॉटरफोर्डात औषधाच्या कारखान्यात लागला आणि दर उन्हाळ्यात आम्हाला तीन महिने बोलावून घ्यायला लागला. असे सहा उन्हाळे झाले. पोरगा-सून सकाळी कामावर जायची, मग आम्ही दोघं आणि भिंती. पहिल्याच उन्हाळ्यात बस धरून समुद्रावर गेलो, पाऊस आला म्हणून ह्याच्या दारात शिरलो. ‘जोडे काढा’ असं कुठं लिहिलेलं नाही काही नाही, पण दारात वीसेक जोडे ओळीनं काढून ठेवलेले. बायको हरखली. “अवो, ह्यो आपल्यातलाच हाय. पायताण भाईर काढतोय बघा!” तिनं पाणी मागितलं. तो म्हणाला, “नो नीन.” बायको भडकली. “पाण्याला बी नको म्हनतोय मेला! उठा, चला.” आम्ही उठेपर्यंत तो दोन ग्लास पाणी घेऊन आला. पुढं कळलं की ‘नो नीन’ म्हणजे नाही नव्हे. बरं, चला, झालं, अरे देवा, बघू, असू दे, जे काय म्हणायचं असेल ते सगळं त्या दोन शब्दांत यायचं. फक्त सूर बदलायचा. सहा वर्षांत मला त्यातले चारपाच सूर ओळखू यायला लागले होते. सगळे आले असते तर बरं झालं असतं.

बोलण्याची त्याला फार भीती. आयरिश माणूस म्हणजे बोलल्याशिवाय घास न उतरणारा. रस्त्यात गाठ पडली की “हाऊ आर यू?” म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचा. आमच्या फिनलंडवाल्याला ते कधी समजलंच नाही. कुणी विचारलं की तो थांबायचा, विचार करायचा आणि खरं उत्तर द्यायचा. डावा गुडघा दुखतो, उजवा बरा आहे, काल पोट साफ झालं नाही. तोवर विचारणारा चौकात पोचलेला असायचा. नाश्त्याला जी काळी भाकरी द्यायचा ती चपलेच्या तळाची सख्खी बहीण. पाहुण्यांना निघताना एक काळी गोळी द्यायचा. ती मी तोंडात टाकली तेव्हा वाटलं, डांबरात मीठ कालवून दिलं. “गुळाचा पाक करपवला आनि लपवायला मीठ घातलं,” असा निकाल बायकोनं दिला. पण गोळी थुंकली नाही. माणसाचा मान राखायची तिला सवय.

मागच्या अंगणात त्यानं लाकडाची एक खोली बांधली होती. आत भट्टी, भट्टीवर धोंडे, धोंड्यांवर पाणी मारायचं आणि त्या वाफेत नागडं बसून डहाळ्यांनी स्वतःला बडवून घ्यायचं. तो तिला ‘सौना’ म्हणायचा, बायको ‘बंबघर’ म्हणायची. ज्याला आधीच उकडतंय तो माणूस आणखी उकडून का घेतो, हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही. मला मात्र ती भट्टी आवडली. पहिल्या दिवशी मी वाकून आत बघितलं आणि म्हटलं, “हवेचं दार चुकीच्या जागी हाय.” तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पुढच्या आठवड्यात दार हलवलेलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघं त्या भट्टीपुढं ओंडक्यांवर बसायचो, तास-तास. तो काही बोलायचा नाही, मीही नाही. इतकी सोबत मला भावकीत कुणी दिली नाही.

बोलायची ती. पहिल्यांदा त्याची आमटी चाखली आणि म्हणाली, “ही आजाऱ्याची पेज हाय.” सरळ उठून त्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि पिशवीतून मोहरी, हिंग, लसूण काढून फोडणी दिली. सगळं हॉटेल खोकायला लागलं. एक म्हातारी बाहेर पळाली. त्यानं चमचाभर आमटी तोंडात घेतली, बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि लांब सुरात म्हणाला, “नोऽ नीन.” पुढच्या गुरुवारी स्वयंपाकघरात खुंटीला एक नवा एप्रन टांगलेला होता, तिच्या उंचीचा. तिला तो ‘रोउवा’ म्हणायचा, त्यांच्यात बाईमाणसाला मानानं तसं म्हणतात. तिला ऐकू यायचं रवा. “मला रवा म्हनतोय. म्हनू दे, चांगला भाजलेला हाय.” ती मराठीत बोलायची, तो त्याच्या भाषेत, कांदे चिरत दोन-दोन तास. परत येताना मी विचारायचो, “काय म्हणत होता?” “त्याची सासू लई खाष्ट व्हती.” “तुला कसं कळलं?” “सासूचं नाव काढलं की मानूस सुरी कशी धरतंय त्यावरनं.”

तर ती शनिवारी गेली. संध्याकाळी पोरगा-सून दवाखान्यात कागद करत होती, मला घरी आणून बसवलं होतं. बेल वाजली. दारात हा, बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. सहा वर्षांत त्याच्या अंगावर मी पहिल्यांदा कोट बघितला. म्हणाला, “नो नीन.” मग म्हणाला, “सौना हॉट. यू कम. रोउवा कम.”

माझी बायको दवाखान्याच्या फ्रीजात आणि हा तिला घेऊन वाफ घ्यायला बोलावतोय. माझं डोकं फिरलं. “चालता हो,” मी मराठीत म्हटलं, मग त्याला कळावं म्हणून इंग्रजीत म्हटलं आणि दार त्याच्या तोंडावर लावलं.

पुढचे दिवस कसले गेले सांगत नाही. काळ्या सुटातल्या माणसांनी तिला नेलं आणि दार लावून घेतलं. मी पोराला म्हटलं, “आंघोळ मी घालणार. निदान एक तांब्या तरी.” तो म्हणाला, “आबा, इथं तेच लोक सगळं करतात.” सगळं केलं त्यांनी. परत दिली ती पावडर लावून, ओठ रंगवून. जन्मात तिनं ओठाला काही लावलं नव्हतं. आमच्याकडे दारात चूल मांडून पाणी तापवतात, बायका न्हाऊ घालतात, सगळे हात लावतात. इथं ती एका बंद खोलीतून पेटीत आली आणि पेटीतूनच गेली. त्या समुद्रकाठच्या गावातली माणसंसुद्धा रांगेनं येऊन हात हातात घेत होती. “सॉरी फॉर युअर ट्रबल,” म्हणत होती. ट्रबल म्हणजे त्रास, एवढं इंग्रजी मला येतं. चौथ्या माणसाला मी म्हटलं, “शी नो ट्रबल! ती मला त्रास नव्हती!” पोरानं दंड धरून मला बाजूला नेलं, म्हणाला, इथं दुःखाला तसं म्हणायची रीत आहे. असेल. दहावा मोबाइलवर झाला. भटजी सांगलीत, पिंड इथं. कावळे होते, पण त्यांना चिप्सची सवय. आणि रांगेत तो नव्हता. सगळं गाव आलं, हा आला नाही. ते मी मनात धरून ठेवलं.

पाच आठवडे धरून ठेवलं. मग अस्थी घेऊन परत निघायचे दिवस आले. आता पुन्हा इकडं यायचं नाही हे मी ठरवलंच होतं. जायच्या आधी त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून बस धरली.

तो अंगणात नव्हता. त्याच्याकडे खोल्या झाडणारी ब्रीडा होती, गावातलीच, साठीची बाई. तिचं बोलणं मला दहातलं चार कळतं, पण ती हातांनीही बोलते. मी म्हटलं, “कुठं आहे तुझा मालक? माझी बायको मेली आणि हा मला आंघोळीला बोलावतो?” ती मला हाताला धरून बंबघरात घेऊन गेली. बाक घासून पांढरा केलेला. त्यावर नवी बादली, नवं लाकडी भांडं पाणी ओतायला, पांढरी चादर घडी घातलेली. “फॉर हर,” ब्रीडा म्हणाली. “टू वॉश हर.” तीन दिवस त्यानं भट्टी विझू दिली नाही. पाहुणे परत पाठवले. ब्रीडाला आणि तिच्या बहिणीला बोलावून टॉवेल घेऊन उभं केलं, कारण बाईमाणसाला बाईमाणसांनीच न्हाऊ घालायला हवं. आपण बाहेर लाकडं घेऊन बसला. आणि आम्ही आलो नाही.

तेवढ्यात तो दारात आला. मला बघून थबकला. मग बोलला, माझ्याकडे न बघता. “माय मदर. सौना. विमेन वॉश. आय वॉज एट. आय कॅरी वूड.”

तिच्यासाठी मला जे हवं होतं ते ऊन पाण्यासकट तयार होतं. बसनं अर्ध्या तासावर. आणि ते सांगायला आलेल्या माणसाला मी हाकललं. पोरानं मागितलं असतं तर त्या काळ्या सुटवाल्यांनी तिला इथं आणू दिलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही कुणाला. देशाला शिव्या देत बसलो. काय करायचं ह्याचं? काही करता येत नाही.

दवाखान्यात तिच्या अंगावरची साडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली होती. सुनेनं दोनदा म्हटलं, “आबा, मशीनला लावते.” मी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन पहिल्या बसनं गेलो. त्याला काही विचारलं नाही. तेहतीस वर्षं आग पेटवलेली, पण काडी तीनदा विझली. तो लाकडं आणून देत राहिला, आत आला नाही. पाणी हाताला सोसेल इतकं तापलं तेव्हा साडी त्या बाकावर पसरली आणि वरून ओतलं, सावकाश, डोक्याकडून पायाकडं. पदराला हळदीचा डाग होता. तो घासला नाही.

पिळायला मात्र दोन माणसं लागतात. एक टोक त्याच्या हातात दिलं. मी फिरवीन तिकडंच तोही फिरवायचा, पीळ बसेचना. “उलटं, बाबा, उलटं!” मी ओरडलो. तो घाबरून उलटा फिरवायला लागला आणि पाणी निघालं. दोरीवर वाऱ्याला टाकली, दोघं खाली ओंडक्यांवर बसून राहिलो. वाळली तेव्हा पुन्हा टोकं धरली. साडीची घडी घालताना दोघांना एकमेकांकडं चालत यावं लागतं. तो आला, गुडघा सांभाळत. त्याच्या हातातली टोकं त्यानं माझ्या हातात दिली.